खालच्या सुरांवर स्पीकर घरघरतोय? ‘कॉईल गेली’ म्हणण्याआधी हे तपासा

बडोद्यात जुन्या हाय-फाय स्पीकरांच्या तक्रारींचे दोन हंगाम असतात. एक पावसाळा ओसरल्यावरचा, नवरात्र-दिवाळीच्या सुमाराचा. दुसरा उत्तरायणानंतरचा, कारण दिवाणखान्यातली जोडी दोन दिवस गच्चीवर उन्हात उभी राहून पतंगांच्या जोडीने गर्जलेली असते. तक्रार बहुतेक वेळा एकच, की एका बाजूचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) घरघरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या मेकॅनिकचं निदानही ठरलेलं: कॉईल गेली, कोन बदलून टाका.

कॉईल, म्हणजे कोनाला (पुढच्या कागदी शंकूला) मागून जोडलेली, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी, गेलेली असते कधी कधी. पण माझ्यासमोर आलेल्या डब्यांपैकी बऱ्याच जणांची कॉईल ठणठणीत होती आणि बिघाड दुसरीकडेच होता. कोन बदलणं हा शेवटचा उपाय आहे, कारण मूळ कोन एकदा कापून फेकला की तो परत मिळत नाही. बाजारातला त्याच मापाचा कोन बसेल, वाजेलही, पण तो वेगळ्याच वजनाचा असतो आणि ती पेटी त्याच्यासाठी बनवलेली नसते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होऊन खर्चिक कामांकडे जातो. तो मोडू नका.

हे सगळं १९६० ते १९८५ च्या दरम्यानच्या, कागदी कोन असलेल्या दोन किंवा तीन स्पीकरांच्या पेट्यांबद्दल आहे. आपल्याकडे त्या कुणाच्या लंडनच्या, नैरोबीच्या नाहीतर आखातातल्या नातेवाइकांबरोबर आल्या, काही देशी कंपन्यांनी बनवल्या. नाव कुठलंही असो, आतला मामला सारखाच.

आधी लक्षण नीट ओळखा

‘आवाज फाटतो’ एवढ्यावरून काही कळत नाही. कधी फाटतो, कशावर फाटतो, ते लिहून ठेवा.

हळू आवाजात सगळं ठीक, पण तबल्याचा बायाँ किंवा पखवाज आला की ‘भर्र’ होतं: फोमची रिंग (कोनाची बाहेरची लवचिक कड), नाहीतर पेटीतलं काहीतरी सैल.

कितीही हळू लावा, प्रत्येक ठेक्याला कोरडी ‘खर्र’ येते: कॉईल घासतेय.

घरघर नाही, पण खर्ज गायब, आवाज पोकळ आणि गायक मधोमध उभाच राहत नाही: बहुतेक एका बाजूच्या तारा उलट्या लागल्यात.

एका बाजूला झांजा, घुंगरू, ‘स’ आणि ‘श’ ऐकूच येत नाहीत. मागचं बटण हलवलं की अचानक येतात: बटणाचा आतला भाग गंजलाय.

आवाज मोठा केला की एक बाजू बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप येते: कुठेतरी तुटकी तार टेकून आहे.

फक्त रेकॉर्ड लावल्यावरच त्रास, मोबाइलवरून लावलं तर नाही: स्पीकरला सोडा, टर्नटेबलकडे जा.

एक फसवं लक्षणही सांगतो. फैयाज खाँसाहेबांच्या ७८च्या तबकड्यांचं रेकॉर्डिंग लावलं की स्पीकर उत्तम, आणि नवं काही लावलं की घरघर. मग घरातले म्हणतात, नवं रेकॉर्डिंगच वाईट. तसं नसतं. त्या काळच्या तबकड्यांत खोल खर्ज फारसा नाहीच, त्यामुळे फाटकी रिंगही तिथे लपून जाते.

तपासायला तानपुरा लावू नका. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे घरघर शोधायला जागा अगदी योग्य. पण जवारीच इतकी झणझणते की स्पीकरची घरघर तिच्यात मिसळून जाते, आणि मग दोन जण तासभर वाद घालतात. मोबाइलवर फुकटचं टोन जनरेटर घ्या. साधा सुर, २०० हर्ट्झपासून हळूहळू ३० पर्यंत खाली आणा. आवाज बेताचाच ठेवा. कुठल्या आकड्यावर घरघर सुरू होते ते लिहून ठेवा. पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच आकड्यावर परत ऐकायचं आहे.

१. डावा-उजवा बदला

एक पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती यातच मिळते. अॅम्प्लिफायर बंद करा, मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा आपसात बदला, पुन्हा चालू करा. घरघर त्याच पेटीत राहिली तर दोष पेटीत. घरघर दुसऱ्या पेटीत गेली तर दोन्ही पेट्या निर्दोष. दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे. मग तारा पूर्ववत लावून अॅम्प्लिफायरला येणाऱ्या पिना आपसात बदला आणि तोच प्रश्न विचारा.

अॅम्प्लिफायर चालू ठेवून हे करू नका. दोन उघड्या तारा क्षणभर एकमेकींना टेकल्या तरी जुन्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर असेल तर उलटा नियमही पाळा: स्पीकर न जोडता तो वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो.

२. तारा आणि त्यांची दिशा

बडोद्याच्या दमट हवेत तांब्याची उघडी टोकं हिरवी-काळी पडतात. टोक कापा, नवीन सोला, पीळ द्या, घट्ट कसा. एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना, ते टॉर्चने पाहा.

मग दिशा. दोन्ही बाजूंना लाल तार लालला हवी. एक उलटी असेल तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, आणि खोलीतला खर्ज एकमेकांना मारतो. तपासायला मोनो बटण दाबा किंवा एकट्या माणसाचं बोलणं लावा. आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधून यायला हवा. इकडे-तिकडे विरघळल्यासारखा वाटला तर एका बाजूची तार उलटून पाहा.

३. घरघरणारं भलतंच काही आहे का?

हे हसण्यावारी नेऊ नका. काचेच्या शोकेसमधली पितळी भांडी, भिंतीवरची तसबीर, खिडकीची सैल काच यांच्यापायी लोक स्पीकर उचलून मेकॅनिककडे घेऊन गेले आहेत. दोष असलेली पेटी उचलून खोलीच्या मध्यभागी ठेवा, आणि लिहून ठेवलेल्या आकड्यावर टोन सुरू ठेवून एकेक वस्तू हाताने दाबा. जाळीची चौकट, कंपनीची पाटी, मागची फळी, मागची बटणं. दाबल्यावर आवाज थांबला की चोर सापडला. चौकटीखाली पातळ फेल्टचे तुकडे, पाटीला चिकटपट्टी, एवढ्यात काम भागतं.

वूफरचे स्क्रू सैल असतील तर समोरासमोरचे दोन-दोन घेत थोडे थोडे कसा. जुन्या पेट्या भुशाच्या बोर्डाच्या असतात, जोर लावला तर भोकाचा चुरा होतो. आणि मागचं चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हरला कोनाकडे ओढतं. एक तळहात कोनासमोर आडवा धरूनच काम करा. स्क्रूड्रायव्हरने भोक पडलेले कोन मी मूळ बिघाडापेक्षा जास्त पाहिले आहेत, असं म्हणावंसं वाटतं.

४. फक्त रेकॉर्डवर होत असेल तर

जाळी काढून कोनाकडे बघा. आवाज न येता कोन हळूहळू मोठाले झोके घेत असेल तर वाकडी रेकॉर्ड किंवा टर्नटेबलचा गडगडाट खाली पोचतोय. अॅम्प्लिफायरवर सबसॉनिक किंवा लो फिल्टरचं बटण असेल तर दाबा. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर असतील तर वेगळे करा. बस, स्पीकरला हात लावायचं कारण नाही.

५. जाळी काढा, टॉर्च घ्या, कड बघा

बहुतेक प्रकरणं इथे संपतात, म्हणून इथे जरा थांबू.

कोनाच्या बाहेरच्या कडेला जी लवचिक रिंग असते, ती तीन प्रकारची: कापडी, रबरी आणि फोमची. जेबीएल एल-१००चा पांढऱ्या कोनचा १२ इंची वूफर कापडी घड्यांच्या कडेचा. बीबीसीच्या एलएस३/५एमधला केईएफचा छोटा वूफर रबरी कडेचा. या दोन्ही कडा पन्नास वर्षं सहज काढतात. फोमची मात्र नाही. १९७०च्या दशकात फोम सर्रास आला, कारण तो हलका, मऊ आणि आवाज चांगला देणारा. पण हा पॉलियुरेथेन फोम हवेतली आर्द्रता शोषून आतून तुटत जातो, त्यात उष्णता आणि ऊन पडलं की वेग वाढतो. पंधरा-वीस वर्षं म्हणजे त्याचं पूर्ण आयुष्य. जुलै ते सप्टेंबर इथली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, आणि एप्रिल-मे कसे जातात तेही नको. कपाटात बंद ठेवलेली, वर्षानुवर्षं न वाजवलेली जोडीही सुटत नाही. ‘वापरलेच नाहीत, म्हणजे नव्यासारखे असतील’ हा विक्रेत्यांचा लाडका मुद्दा फोमच्या बाबतीत निरर्थक आहे.

बोटाच्या टोकाने अगदी हलकेच स्पर्श करा. निरोगी फोम दबतो आणि परत येतो. गेलेला फोम एकतर चिकट लागतो, नाहीतर शिळ्या खाखऱ्यासारखा चुरा होऊन खाली पडतो. पूर्ण वर्तुळ बघा. फाटण्याची सुरुवात बहुधा आतल्या, कोनाला चिकटलेल्या कडेवर होते आणि समोरून चटकन दिसत नाही.

फोम गेला की नुसती घरघर होते असं नाही. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अॅकॉस्टिक रिसर्चच्या पहिल्या स्पीकरमध्ये जी कल्पना आणली, तिच्यात बंद पेटीत कोंडलेली हवाच कोनाची स्प्रिंग असते. म्हणून कोनाची स्वतःची पकड मुद्दाम अगदी सैल ठेवतात. पुढे असंख्य कंपन्यांनी हीच पद्धत उचलली. अशा पेटीत रिंग फाटली की हवा निसटते, स्प्रिंगच जाते. कोन मग हवा तेवढा पुढे-मागे उडतो, कॉईल तिरकी होते आणि चुंबकाच्या फटीत घासते. म्हणजे ‘कॉईल घासतेय’ हे मेकॅनिकचं म्हणणं खरं असतं, फक्त तो रोग नसून परिणाम असतो. अशा वेळी वाजवणं थांबवा. आज रिंगवर भागणारं काम महिनाभर वाजवत राहिलात तर खरोखर कॉईलवर जाईल.

बंद पेटीची एक सोपी चाचणी: कोन बोटांनी सरळ, अगदी थोडा आत दाबा आणि सोडा. पेटी हवाबंद असेल तर तो सावकाश परत येतो. झटकन आला तर कुठून तरी हवा निसटतेय: रिंग, वूफरखालची चिकट पट्टी किंवा मागचे टर्मिनल. पुढे किंवा मागे नळी असलेल्या पेटीला ही चाचणी लागू नाही, तिथून हवा जायचीच असते.

फाटक्या फोमवर फेविकॉलचा थर, टिश्यू पेपर, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, हे सगळं मी पाहिलंय. फोम मेलेला असतो. त्यावर जे लावाल ते कडक होतं आणि शेजारी फाटतं. कापडी कडेवर उगाच तेल, ग्लिसरीन, शू-पॉलिश लावू नका. तिच्यावर मुळात एक चिकट लेप असतो. तो वाळून हवा जाऊ लागली असेल तर तोच प्रकार पुन्हा लावावा लागतो, आणि त्यासाठी जाणकार हवा.

६. कोन दाबून ऐका

रिंग धडधाकट आहे आणि तरी ‘खर्र’ येते, तर ही पायरी. तारा काढून ठेवा. मधल्या टोपीच्या भोवती चार बोटं समान अंतरावर ठेवून कोन सरळ काही मिलिमीटर आत-बाहेर करा, कान जवळ. गुळगुळीत हालचाल म्हणजे ठीक. वाळूसारखी खरखर म्हणजे कॉईल घासतेय. त्या फटीत दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा काही अंशच जागा असते.

जड कोनाचा वूफर वर्षानुवर्षं उभा राहून स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतो. वूफरचे स्क्रू काढा, तो अर्धा फेरा फिरवा, वरचा भाग खाली येईल असा बसवा, पुन्हा तपासा. पैशाविना बरे झालेले वूफर यात निघतात. फिरवूनही घासत असेल तर मात्र कोनाला जबरदस्ती करून मधोमध आणायच्या फंदात पडू नका.

७. पेन्सिल सेल आणि मल्टिमीटर

दोन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. वूफर बाहेर काढा, एक तार सोडवा. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, मग वूफरच्या टोकांवर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. जुने ब्रिटिश १५-१६ ओहमचे त्याच हिशेबाने जास्त. आकडा आलाच नाही तर कॉईल किंवा तिच्याकडे जाणारी वेणीची तार तुटली आहे. ती तार कोनापासून टर्मिनलपर्यंत लोंबती असते. मीटर लावून ठेवून तिला हलकेच हलवा. आकडा येत-जात राहिला तर कॉईल वाचली, तारेचा टाका नवा घालायचा एवढंच.

ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, तोही एक तार सोडवूनच मोजा. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर मोजून ट्वीटर कळत नाही, कारण त्याच्या वाटेत कंडेन्सर (कपॅसिटर) बसलेला असतो आणि तो मीटरचा प्रवाह अडवतो.

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा, धरून ठेवू नका. कोन एका दिशेला सरकला पाहिजे. दोन्ही पेट्यांचे वूफर सेलच्या त्याच टोकाला त्याच दिशेला सरकतात ना, एवढंच पाहायचं. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलवर प्लस दिलं की कोन आत जातो. तो दोष नाही, कंपनीची रीतच तशी होती. म्हणून जोडीची आपसात तुलना करा, पुस्तकाशी नको. ट्वीटरवर सेलचा प्रयोग नको.

मीटर हातात आहे तोवर अॅम्प्लिफायरही बघून घ्या. स्पीकर काढलेले, आवाज शून्यावर, अॅम्प्लिफायर चालू (हे फक्त ट्रान्झिस्टरच्या बाबतीत). स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. थोडेफार दहा-वीस असतील तर चालतं. शंभराच्या वर असतील तर तिथे स्पीकर जोडूच नका. नवा केलेला वूफर अशा अॅम्प्लिफायरला लावला की जळतो, आणि शिव्या वूफर करणाऱ्याला बसतात.

उत्तरायणाचा हिशेब इथेच. गच्चीवर आवाज पसरून जातो, म्हणून माणूस बटण शेवटपर्यंत नेतो, बास आणि ट्रेबलही पूर्ण. अॅम्प्लिफायरची कुवत संपली की तो लहरीची टोकं कापू लागतो आणि ट्वीटरला झेपणार नाही इतकी उष्णता त्याच्यात ओततो. म्हणून कमी ताकदीच्या अॅम्प्लिफायरनेही ट्वीटर जळतात. उत्तरायणानंतर ‘आवाज बसलाय’ अशी तक्रार असेल तर आधी ट्वीटर मोजा.

८. मागची बटणं

मागे मिडरेंज (मधले सूर वाजवणारा स्पीकर) आणि ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करणारी बटणं असतील तर अॅम्प्लिफायर बंद ठेवून प्रत्येक बटण दोन्ही टोकांपर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. मग थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर, पुन्हा फिरवा. १९६७ साली आलेल्या अॅकॉस्टिक रिसर्चच्या एआर-३एमध्ये ही बटणं गंजणं इतकं नेहमीचं आहे की त्या जोडीचा ट्वीटर ‘मेला’ म्हणून कुणी सांगितलं तर मी आधी बटणालाच हात घालतो. फिरवून आवाज आला आणि आठवड्यात पुन्हा गेला, तर बटण उघडून घासावं लागेल किंवा बदलावं लागेल.

९. क्रॉसओव्हरचे कंडेन्सर

क्रॉसओव्हर म्हणजे सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारा पेटीतला भाग. हे घरघरीचं कारण नाही, मंद झालेल्या वरच्या आवाजाचं आहे. नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चाळीस वर्षांत वाळतात आणि त्यांची किंमत सरकते. सोल्डरिंग येत असेल तर करण्याजोगं काम. आधी फोटो काढा. एक टोक सोडवून मोजा. छापील आकड्यापासून दहा टक्क्यांहून जास्त ढळला असेल तर बदला, आणि दोन्ही पेट्यांत एकदमच बदला, नाहीतर डावी-उजवी बाजू वेगळी वाजेल. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज १०० चालेल.

दुकानात नॉन-पोलर मिळाला नाही तर साधा, प्लस-मायनसवाला कंडेन्सर कधीही एकटा लावू नका. दुप्पट किमतीचे दोन घेऊन मायनसला मायनस जोडले की हवी ती किंमत मिळते, तात्पुरतं चालतं. फिल्म कंडेन्सर जास्त टिकतात, पण काही पेट्यांत त्यांनी ट्वीटर किंचित तीक्ष्ण होतो. आकडे बरोबर असतील तर केवळ महाग कंडेन्सरची हौस म्हणून क्रॉसओव्हर उकरू नका. एलएस३/५एच्या बाबतीत तर नाहीच नाही.

१०. फोमची रिंग बदलणं

घरी होतं, पण घाई असलेल्याने करू नये. रिंग मागवताना वूफर ‘१० इंची’ एवढं सांगून भागत नाही. कोनाचा व्यास, चौकटीच्या आतला आणि बाहेरचा व्यास आणि फोमच्या गोल उंचवट्याची रुंदी, अशी चार मापं घ्या. रिंग कोनाच्या वरून चिकटवलेली होती की खालून, तेही पाहून ठेवा. दोन्ही पेट्यांच्या रिंगा एकदम बदला.

जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावून, मऊ पडू देऊन, बोथट पात्याने काढा. खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवा दूर. ही सफाई सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. राहिलेल्या गोंदावर नवी रिंग धरत नाही. कागदी कोनाला पाण्यावरचा पांढरा गोंद चालतो आणि हात स्थिर करायला वेळ देतो. प्लास्टिकच्या कोनाला तो धरत नाही, तिथे स्पीकरसाठीचाच खास गोंद लागतो.

रिंग आधी कोनाला चिकटवा, पूर्ण वाळू द्या. मग चौकटीला. या वेळी कॉईल मधोमध राहिली पाहिजे. एक पद्धत म्हणजे मधली टोपी कापून कॉईलच्या आत पातळ फिल्मच्या पट्ट्या सारणं; खात्रीची, पण टोपी पुन्हा चिकटवायची. दुसरी, गोंद ओला असताना ३० हर्ट्झचा टोन हळू लावून कोन डोलत ठेवणं आणि रिंग सरकवत स्वच्छ जागा शोधणं. मूळ टोपी वाचते म्हणून मला दुसरी आवडते. चोवीस तास हात लावायचा नाही.

दिवाळी ते उत्तरायण हा या कामाचा काळ. श्रावणात पांढरा गोंद दोन दोन दिवस ओलाच राहतो.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

मीटरवर कॉईल तुटलेली आहे आणि वेणीची तार शाबूत आहे.

नवी रिंग बसवूनही, किंवा रिंग चांगली असूनही कॉईल घासते.

पेटी पडली होती आणि तेव्हापासून कोन हलतच नाही: चुंबक जागचं सरकलंय. ते घरी हातोडीने बसत नाही.

स्पीकर इलेक्ट्रोस्टॅटिक आहे, म्हणजे क्वाडसारखा, ज्याला विजेची वायर वेगळी लागते. त्याच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते लगेच जात नाहीत. पाठ उघडूच नका. अॅम्प्लिफायरच्या पोटाचंही तेच.

पुराचं पाणी लागलं आहे. ३१ जुलै २०१९ च्या पावसानंतर आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री घरांत शिरल्यावर अशा पेट्या पुष्कळ होत्या. ‘वाळली, लावून बघू’ हे करू नका. वूफर-ट्वीटर बाहेर काढा, पेटी सावलीत पंख्यासमोर ठेवा, उन्हात नको. बोर्ड फुगला असेल तर ती पेटी पुन्हा हवाबंद होणार नाही. चुंबकाच्या फटीत गाळ आणि गंज बसलेला असतो, तो काढण्यासाठी कोन सोडवावा लागतो आणि ते सरावाच्या हाताचंच काम आहे.

देताना काय सांगायचं

तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून द्या: जुना कोन, स्पायडर (कॉईल मधोमध धरणारी मागची घडीदार चकती), टोपी, सगळं परत हवं, तुटलेलं असलं तरी. मूळ कोन शाबूत असेल तर फक्त कॉईल बदलता येते का, हे आधी विचारा. कॉईलचा ओहममधला आकडा मूळइतकाच हवा. चालू बाजूच्या वूफरवर तुम्ही मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहा. कोन बदलावाच लागला तर दोन्ही बाजूंचे बदलायचे की नाही, हा निर्णय तुमचा. मेकॅनिकला घेऊ देऊ नका. कोनाचं वजन बदललं की वूफरची स्वतःची कंपनसंख्या सरकते आणि एका बाजूचा खर्ज दुसरीशी जुळत नाही.

वूफर परत घेताना दुकानातच २०० ते ३० हर्ट्झचा टोन लावून ऐका, आणि त्याच्यासमोर मीटर लावा. घरी आल्यावर, पेटीत बसवण्याआधी, पेन्सिल सेल काढा आणि दोन्ही वूफर एकाच दिशेला सरकतात का पाहा. दुरुस्त होऊन आलेल्या वूफरची टर्मिनलं उलटी झाळलेली असणं फार नेहमीचं आहे. उलटी असतील तर टाका उसवायची गरज नाही, पेटीतल्या दोन तारा आपसात बदलल्या की झालं.